बेवारस वीट

३१ मे

माझ्या नवऱ्याच्या, वेल्डनच्या घराण्यात झाडून सगळे रोजनिशी लिहितात. त्यांच्या चर्चची शिकवणच आहे तशी, की लिहून ठेवा, पुढे नातवंडं-पतवंडं वाचतील. नाताळात त्याने मलाही ही वही दिली, चांगली जाड पुठ्ठ्याची. इतके महिने मी तिच्यावर बियाण्यांची पाकिटं ठेवत होते. आज उघडली, कारण आज राग आलाय आणि तो कुठेतरी ठेवायला हवा. मला मूलबाळ नाही, चर्चही नाही. म्हणजे ही वही वाचायला कोणी येणार नाही आणि खरं लिहायला हरकत नाही.

आज थडग्यांवर फुलं वाहायचा दिवस. सकाळी अंगणातले पिओनी कापले. मीच लावलेले, मीच वाढवलेले. बादलीत घालून आम्ही दफनभूमीत गेलो, वेल्डनच्या पहिल्या बायकोकडे, लारेकडे. गुलाबी ग्रॅनाइटचा जोडदगड आहे. डाव्या बाजूला लारेचं नाव, दोन्ही तारखा. उजव्या बाजूला वेल्डन पेलहॅम, जन्माची तारीख, एक आडवी रेघ आणि पुढे कोरी जागा. दगडाच्या मागच्या अंगाला मुलांची नावं. इथे असंच करतात, एक जोडीदार गेला की दुसऱ्याचंही नाव तेव्हाच कोरून ठेवायचं. लारे गेली तेव्हा वेल्डनने कोरून घेतलं. माझी न् त्याची ओळख नंतरची.

तर जनीलने, म्हणजे लारेच्या थोरल्या मुलीने, माझे पिओनी दगडासमोर छान मांडले आणि म्हणाली, "आयोन, तुम्ही जरा बाजूला व्हाल का? फोटो काढायचाय." झाले बाजूला. बाजूला म्हणजे कुणा अनोळखी माणसाच्या थडग्यावर. तिथे उभी राहून मी त्यांचा फोटो निघताना बघितला.

दगडाचं मला काही नाही. मेल्यावर मला कुठेही टाका. राग आला तो फुलांचा. फुलं माझी न् फोटोत मी नाही, एवढंच.

६ जून

थेल्डाआत्याकडे मटार सोलायला गेले. ही वेल्डनच्या वडिलांची बहीण, नव्वदी ओलांडलेली, कानाने जवळजवळ बहिरी, ओरडून बोलावं लागतं, पण तोंड शाबूत. या घराण्यात माझ्याशी सरळ बोलणारी ही एकटीच.

बोलता बोलता गढीच्या सहलीचा विषय निघाला. दर वर्षी चोवीस जुलैला सगळे पेलहॅम गाड्या भरभरून गढीवर जातात. गढी म्हणजे वेल्डनचा खापरपणजा अमेसा पेलहॅम याने झऱ्याकाठी बांधलेल्या चार मातीच्या भिंती. झरा त्याच्याआधी पाययूट या इथल्या मूळ लोकांचा होता, तो भाग गढीवरच्या पाटीवर नाही. भिंती कच्च्या विटांच्या, दर हिवाळ्यात थोड्या ओघळतात, म्हणून दर उन्हाळ्यात घराण्यातली माणसं नव्या विटा लावतात. प्रत्येक विटेवर घरातल्या एका मेलेल्या माणसाचं नाव. नाव पुकारायचं, वंशजाने पुढे यायचं, वीट लावायची, मग सगळ्यांनी जेवायचं. आठ वर्षं मी त्या जेवणाची भांडी धुतेय.

मी म्हटलं, गढीतल्या चीजच्या खोलीत, पाहुण्यांना गढी दाखवणारी ती टोपीवाली मुलगी दर वर्षी सांगते ना, इथे एक डेन्मार्कची मोलकरीण चीज करायची, तिचं नाव काय होतं? आत्याने मटाराची शेंग तशीच हातात धरली. मग म्हणाली, "मोलकरीण कसली? मारेन होती ती. अमेसाची दुसरी बायको."

मग तिने सगळं सांगितलं. मारेन समुद्र ओलांडून आली, हातगाडा ओढत पठार ओलांडून आली. इथे अमेसाने तिच्याशी लग्न केलं, चर्चच्या साक्षीने, थोरली बायको हॅरियेट बाजूला उभी असताना. मारेनला तीन मुलं झाली आणि तिन्ही एकाच हिवाळ्यात घटसर्पाने गेली. पुढे दोन बायका करणाऱ्यांना सरकार तुरुंगात टाकायला लागलं, तेव्हा एक अधिकारी गढीवर आला. त्याने मारेनकडे बोट दाखवून विचारलं, ही कोण? अमेसा म्हणाला, ही चीज करायला ठेवलेली बाई आहे. मारेन तिथेच उभी होती, हात दह्यात. त्या दिवसापासून ती ठेवलेली बाई झाली ती आजतागायत.

मी विचारलं, तिच्या नावाची वीट? आत्या म्हणाली, वीट वंशजाने लावायची असते, तिला वंशज कुठले. मटार बाजूला सारले मी. माझं डोकंच फिरलं. का ते नीट सांगता येत नाही. मी तर त्यांच्यातली नाहीच.

१३ जून

रविवारचं जेवण आमच्याकडे होतं. पूर्वी जनील यायची म्हटलं की मी कॉफीचं भांडं कपडे धुण्याच्या खोलीत नेऊन लपवायचे. यांच्या चर्चची कॉफीला मनाई, वासानेही यांना अपराधी वाटतं. गेल्या वर्षापासून बंद केलं लपवणं. भांडं शेगडीवरच असतं.

जेवताना सांगून टाकलं, यंदा मी मारेनच्या नावाची वीट करणार. सगळे थाळीत बघायला लागले. जनीलने आवाज चढवला नाही, ती कधीच चढवत नाही. चौथीच्या वर्गाला शिकवते, तसंच मलाही समजावते. म्हणाली की ही घरातली जुनी नाजूक गोष्ट आहे, सहलीला लहान मुलं असतात, कुणाकुणाला काय काय सांगत बसायचं. आणि मुळात वीट रक्ताच्या माणसानेच लावायची असते. आईनेच तो नियम केला होता, ही सहल आईनेच पुन्हा सुरू केली होती.

रक्ताच्या माणसाने! जिभेवर आलं होतं माझ्या. अगं, तुझी आई तरी अमेसाच्या रक्ताची होती का? तीही सूनच. तिच्या नावाची वीट तू दर वर्षी लावतेसच ना? मग तिला रक्त नाही विचारलं ते? आलं होतं अगदी ओठापर्यंत. पण गिळलं. मेलेल्या बाईला भांडणात ओढायचं नाही, एवढी अक्कल माझी अजून शाबूत आहे. शिवाय लारेने माझं काय वाकडं केलंय? मी आपले बटाटे वाढले सगळ्यांना.

वेल्डन बटाटे खात राहिला. तो बोलत नाहीच. शाळेची बस चालवली जन्मभर, पोरांचा गोंगाट ऐकून ऐकून त्याच्या वाट्याचं बोलणं संपलं असावं. मी त्याच शाळेच्या स्वयंपाकघरात होते, माझं अजून शिल्लक आहे.

१४ जून

वीट करायची म्हणजे काय मोठं? चिखल आणि ऊन. मागच्या अंगणातली चिकणमाती खणली, पाणी ओतलं, अनवाणी तुडवली. गुडघ्यापर्यंत माखले. शेजारीण कुंपणावरून बघत होती, तिला म्हटलं ये, तुझीही पावलं लागू देत. आत पळाली. ब्रेडच्या जुन्या भांड्यात माती दाबून भरली, उलटी केली, खिळ्याने नाव कोरलं: मारेन. झकास दिसली.

१६ जून

फुटली. मधोमध, नावाच्या बरोबर मधून. जनीलला कळलं तर म्हणेल, बघा.

१९ जून

वेल्डन कोंबड्यांसाठी म्हणून पेंढ्याचा गठ्ठा घेऊन आला. कोंबड्यांकडे आधीच ढीगभर पेंढा आहे. गठ्ठा माझ्या चिखलाच्या खड्ड्याशेजारी टाकून गेला. दुपारी ओढ्याकडची वाळूही आणून टाकली, त्याबद्दलही चकार शब्द नाही. मग माझ्या डोक्यात उजेड पडला. नुसती चिकणमाती वाळताना आक्रसते, तिला वाळू लागते, धरून ठेवायला पेंढा लागतो. पावाला लागतं तसंच, नुसत्या मैद्याचा काय होणार?

संध्याकाळी त्याने गोठ्याच्या जुन्या फळ्यांचा साचा करून दिला, बिनबुडाचा, दोन खणांचा. म्हटलं दोन कशाला? म्हणाला, "एक फुटली तर." बरोबर आहे.

२२ जून

पेंढा घालून तुडवलेला चिखल रात्रभर मुरू दिला होता. सकाळी साचा ओला करून भरला, कोपरे बोटांनी दाबले, वरून फळीने सपाट केलं, साचा उचलला. दोन्ही विटा उभ्या राहिल्या, जराही बसल्या नाहीत. एकीवर मी नाव कोरलं. दुसरी कोरीच ठेवली. आत जाऊन हातपाय धुऊन येईपर्यंत आमची तांबडी कोंबडी मारेनच्या विटेवरून चालत गेलेली! नावाच्या खाली तीन बोटांचा ठसा, सुबक उमटलेला. पुसणार होते, मग राहू दिला. मारेननेही कोंबड्या पाळल्या असतीलच की.

वेल्डन मात्र दुसऱ्या विटेपाशी उकिडवा बसला होता. मी जवळ गेल्यावर तिच्यावर पोतं टाकलं. उन्हाने तडकेल म्हणाला. माझ्या विटेवर पोतं टाकायचं नाही सुचलं त्याला.

३ जुलै

ऑर्व्हलचा फोन. हा वेल्डनचा चुलतभाऊ, सहलीचा मुख्य, गढीवर नावं पुकारतो तोच. जनीलने सांगितलेलं दिसतंय. फार गोड बोलला. माझे बटाटे सगळ्यांना किती आवडतात, मी वेल्डनचं किती छान करते, त्याला वेळेवर गरम जेवण मिळतं, सगळं घराणं माझं ऋणी आहे. फक्त ती वीट तेवढी घरी राहू द्या.

मी म्हटलं, ऑर्व्हल, मी वेल्डनची बायको आहे, खानावळ नाही. आणि फोन ठेवला. मग तासभर मला वाटत राहिलं की चुकलं. खरंच वाटलं. आठ वर्षं जपून वागले, कधी कोणाच्या मध्ये आले नाही, आणि आता एका मेलेल्या, न पाहिलेल्या बाईसाठी सगळ्यांशी वाकडं घेतेय. तिला कळणारही नाही. वेल्डनला मधल्या मध्ये त्रास. आपल्या चुलत-मावस भावंडांत त्याला मान खाली घालायला लागेल. सोडून द्यावं का?

मागे जाऊन वीट उलटवून बघितली. खालचं अंगही वाळत आलंय, एकही भेग नाही. सोडायची नाही.

१० जुलै

विटा आता कडेवर उभ्या केल्यात, दोन्हीकडून वारा लागावा म्हणून. वेल्डनने त्याची वीट भिंतीकडे तोंड करून ठेवलीय. माझ्या विटेपेक्षा तिची काळजी जास्त. सकाळी उठला की आधी तिकडे जातो, अंडी नंतर. म्हातारपणात माणसाला काहीतरी छंद लागतोच, यापेक्षा वाईट छंद असतात.

त्याला विचारलं, माझ्यामुळे तुला घरच्यांत कमीपणा येतोय का? त्याने बराच विचार केला आणि विचारलं, तुझं गोल दार कुरकुरतंय, तेल घालू का? गोल दार म्हणजे माझ्या वॉशिंग मशीनचं. याच्याशी भांडायची सोय नाही.

२३ जुलै

दिवसभर उद्याचं. तीन मोठाले ट्रे भरून चीजचे बटाटे. इथे हे मयताच्या जेवणाला हमखास करतात, म्हणून नावही तसलंच अशुभ आहे, पण लग्नालाही हेच खातात. गाजर घातलेली हिरवी जेली, हॅम, पाव. वेल्डन गाडीत दोन्ही विटा घालत होता, खाली जुनी रजई पसरून. एकच ने म्हटलं, दुसरी कशाला? "एक फुटली तर," म्हणाला परत. पण दुसरीवर नाव कुठंय, असं म्हणेपर्यंत आत निघून गेला.

उद्या काय होईल ते होईल. जास्तीत जास्त पुढच्या वर्षी बोलावणार नाहीत. मग तेवढी भांडी वाचली.

२४ जुलै

लिहायला बसलेय पण हाताची बोटं चिखलाने फुटलीत. तरी लिहिणार.

ऊन मरणाचं होतं. सगळ्यांनी ते निळे शर्ट घातलेले, पाठीवर गढीचं चित्र, खाली लारेने काढलेलं घोषवाक्य. मला आठ वर्षांत शर्ट मिळालेला नाही, कारण मापं मागवतात तेव्हा माझं विचारायचं राहून जातं. यंदा मी माझा लाल फुलाफुलांचा घातला. लांबून दिसायला पाहिजे म्हटलं.

चीजच्या खोलीत टोपीवाली मुलगी सांगतच होती, इथे एक मोलकरीण. मी पुढे झाले आणि मोठ्याने म्हटलं, मारेन नाव तिचं, आणि ती अमेसाची बायको होती. मुलीने कागदात बघितलं. मुलं माझ्याकडे बघायला लागली, आयांनी मुलांना बाहेर नेलं. चाकाच्या खुर्चीतून थेल्डाआत्या म्हणाली, काय म्हणाली ती, काय म्हणाली? सांगितल्यावर हसली, दात नसलेलं सगळं तोंड उघडून.

मग भिंत. ऑर्व्हल नावं पुकारत होता, एकेक कुटुंब पुढे येत होतं. लारेचं नाव आलं. जनील गेली, गुडघ्यावर बसली, वीट लावली, तळवा तिच्यावर थोडा वेळ तसाच ठेवला. आईच्या तापल्या कपाळावर ठेवावा तसा. मला तिची दया आली, खोटं कशाला बोलू. शेवटचं नाव संपलं आणि ऑर्व्हल म्हणाला, चला, जेवायला.

मी वीट छातीशी धरून पुढे झाले. जड होती, दोनदा सावरून धरावी लागली, लोकांना वाटलं असेल घाबरले. म्हटलं, अजून एक राहिलीय. ऑर्व्हलने माझा खांदा थोपटला, हसून सगळ्यांना सांगितलं की ही आपली आयोन, वेल्डनचं जेवणखाण बघते, आजचे बटाटे हिचेच आहेत. दोन-चार जणांनी टाळ्या वाजवल्या. मी हलले नाही. मग त्याचं हसू गेलं.

"आयोन, नियम सगळ्यांना सारखा. वीट रक्ताच्या माणसाने लावायची. ही तुमची कोण लागते?"

माझ्या समोर, हातभर अंतरावर, लारेची वीट होती, तिच्याभोवतीचा चिखल अजून ओला. एकच वाक्य पुरे होतं. ऑर्व्हलची बोलती बंद झाली असती, सगळ्यांची झाली असती. मी जनीलकडे बघितलं. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. तिला ऊन लागलं असावं.

मी म्हटलं, "माझी ती कोणी नाही. तिचं कोणीच नाही, म्हणून तर मी आले."

ऑर्व्हलने थापी पाठीमागे धरली, देणार नाही म्हणून. नसू दे. मी बादलीत हात घातला, चिखल उपसला आणि लारेच्या शेजारच्या रिकाम्या जागेत थापला. वीट बसवायला उचलली तर मागून जनीलचा आवाज, "थांबा."

म्हटलं आली. आता हिच्याशीही होऊन जाऊ दे. पण ती पाण्याचा डबा घेऊन आली होती. "कोरडी लावाल तर चिखल धरणार नाही. आधी भिजवा." आणि स्वतःच विटेवर पाणी शिंपडलं, चारी कडांना, हाताने चोळून. कोंबडीच्या पावलाच्या ठशापाशी थांबली. "ही कोणाची वंशज?" असं विचारलं, अगदी शाळेतल्या आवाजात. मी म्हटलं, आमच्या तांबडीची. मग दोघींनी मिळून वीट सरकवली, कारण मला एकटीला ती वर ढकलता येईना. हात चिखलाने भरलेले, म्हणून जनीलने दंडाने डोळे पुसले. चिखल उडाला असणार. या मुलीला भिंतीचं फार, भिंतीत वाकडी वीट तिला चालायची नाही. माझं काही का असेना, तिचं काम चोख झालं. बसली वीट.

मला वाटलं संपलं. तेवढ्यात वेल्डन गाडीकडून आला, दुसरी वीट घेऊन. धापा टाकत होता. माझ्यासमोर आणून फिरवली. तिच्यावर वाकड्यातिकड्या अक्षरांत कोरलं होतं: आयोन.

माझा नवरा, जो बोलत नाही, तो सगळ्या पेलहॅमांसमोर म्हणाला, "दगडावर जागा ठेवली नाही मी तुझ्यासाठी. तेव्हा तू माहीत नव्हतीस. म्हटलं, इथे तरी."

रडू आलं, लिहून टाकते. पण रडण्यापेक्षा राग जास्त आला. मी म्हटलं, "वेल्डन, मी मेलेली नाही अजून. मला भिंतीत चिणू नकोस. ती गाडीत ठेव." तो गोंधळला बिचारा. मला वाटतं महिनाभर त्याने हाच विचार केला असेल, आणि मी दोन वाक्यांत वाट लावली. मग मी त्याच्या हातातून वीट घेतली आणि स्वतःच गाडीकडे गेले. थेल्डाआत्या मागून विचारत होती, काय म्हणाली ती, काय म्हणाली?

बटाटे सगळे संपले. आज भांडी मी धुतली नाहीत. झाडाखाली बसले न् माझी थर्मासातली कॉफी प्याले, सगळ्यांच्या देखत. परत येताना वीट मांडीवर घेतली होती. वेल्डनने खूप वेळाने विचारलं, आवडली नाही का? म्हटलं, आवडली म्हणून तर घरी नेतेय, मूर्खा.

२६ जुलै

वीट मागच्या दाराशी ठेवली, बाहेरच्या पायरीवर, दार वाऱ्याने आपटू नये म्हणून. नाव बाहेरच्या बाजूला. येणाऱ्या-जाणाऱ्याने वाचावं. मला कुठे पुरायचं ते पुरणारे बघून घेतील, तोवर मी कुठे असते ते या दाराशी लिहिलेलं आहे. वेल्डन म्हणाला, कच्ची वीट, पाऊस लागला तर विरघळेल. म्हटलं, मीही विरघळेन एक दिवस.

बोलताना फार शूर वाटलं. नंतर दोनदा जाऊन आकाश बघून आले.

२ ऑगस्ट

ऑर्व्हलचं कार्ड आलं, बटाट्यांबद्दल आभार. विटेबद्दल काही नाही. गढीवर जाणाऱ्या कोणीतरी सांगितलं की भिंत जशीच्या तशी आहे, मारेन जागेवर आहे. काढायची हिंमत झालेली नाही अजून कोणाची. करून तर बघा म्हणावं, साचा माझ्याकडे आहे.

१३ ऑगस्ट

दुपारी थेल्डाआत्याकडे होते. वेल्डन गॅरेजमध्ये गाडी दाखवायला गेलेला. अचानक डोंगराकडून ढग उतरले आणि पाऊस असा काही कोसळला की रस्त्याचा ओढा झाला. आत्याच्या खिडकीशी उभी राहिले न् डोळ्यांसमोर एवढंच येत होतं, आमच्या घराची मागची पायरी. आत्या म्हणाली, बस की, चादरीच वाळत घातल्यास ना, परत धू. तिला विटेचं काय सांगू? जाऊ दे म्हटलं, मातीच ती. दुसरी करीन. सांगितलं स्वतःला असं, पण बसवेना. पावसातच निघाले.

पायरीवर वीट नव्हती. लाल पाण्याचा ओघळ तेवढा होता. मी तिथेच भिजत उभी राहिले. मग दार ढकललं.

स्वयंपाकघरातल्या टेबलावर जनीलकडे राहिलेला माझा बटाट्यांचा ट्रे होता, घासून लख्ख केलेला. म्हणजे ती परत द्यायला आली होती. आणि ट्रेशेजारी, माझ्या चांगल्या टॉवेलची घडी घालून तिच्यावर वीट. एक कोपरा गेलाय. बाकी टिपून कोरडी केलेली. नावाचं पहिलं अक्षर पावसाने खाल्लं असणार, कारण ते नव्याने कोरलंय, काट्याने बहुतेक; काटा बेसिनमध्ये पडलाय, दातांत माती. बाकीची अक्षरं वेल्डनची, दारू प्यायल्यासारखी डुलणारी. पहिलं तेवढं सरळ, ठसठशीत, फळ्यावर काढल्यासारखं. मास्तरीणबाईला अर्धवट नाव बघवलं नसणार.

आणि चादरी? चादरी दोरीवर तशाच, पाण्याने लोंबून जमिनीला टेकलेल्या. वीट आत न्यायला वेळ होता, दोन पावलांवरच्या चादरी ओढायला नव्हता! पेलहॅमांच्या पोरीला विटेचं पडलंय, माझ्या चादरींचं नाही. फोन करून चांगली झाडणार होते. नंबरही लावला. तिने उचलला आणि आधी तिनेच विचारलं, घाईघाईने, "वाचली ना ती? मधून तडकली नाही ना?"

मी म्हटलं, नाही, आहे धड. मग मी तिला रविवारी जेवायला ये म्हटलं, आणि सांगून ठेवलं की कॉफीचं भांडं शेगडीवरच असेल. ती म्हणाली, माहीत आहे.